जुन्या, कमी गुणांच्या मार्कशीटसह पीएच.डी.चा अर्ज: कोणता कागद, कधी आणि कसा पाठवायचा

पहिल्या वर्षी दोन केटी (नापास राहून पुढे न्यावे लागलेले विषय), दुसऱ्या वर्षी चार, तिसऱ्या वर्षी कसाबसा सेकंड क्लास आणि शेवटच्या वर्षी डिस्टिंक्शन. जुन्या पॅटर्नमध्ये मुंबई-पुण्याच्या इंजिनिअरिंगचा क्लास शेवटच्या वर्षाच्या गुणांवर ठरायचा, त्यामुळे डिग्री सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावता येतं. नोकरीत मागचं कुणी विचारत नाही. मग दहा-बारा वर्षांनी पीएच.डी.चं मनात येतं, परदेशी विद्यापीठाचं पोर्टल उघडतं आणि आठही सेमिस्टरचे गुण मागतं.

इथे काही जण अर्जाचा विचारच सोडून देतात, तर काही जण जुनं मार्कशीट टाळायच्या वाटा शोधू लागतात. प्रवेश समितीला खरं तर एवढंच ठरवायचं असतं, की हा माणूस आज संशोधन करू शकेल का. जुनं मार्कशीट हे त्या प्रश्नाचं शिळं आणि अर्धवट उत्तर आहे. ते पूर्ण द्यायचं, परक्या माणसाला नीट वाचता येईल असं द्यायचं आणि त्याच्या शेजारी ताजा पुरावा ठेवायचा.

आधी बघा, कोण कोणता कागद वाचतं

भारतात अर्ज करणार असाल तर पदवीच्या केट्यांची झोप उडवण्याइतकी काळजी नको. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत पात्रता पदव्युत्तर पदवीच्या ५५ टक्क्यांवर आहे. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना त्यात ५ टक्के सवलत मिळते. एम.ए. किंवा एम.एस्सी. न करता चार वर्षांच्या पदवीवरून थेट येणाऱ्यांना मात्र त्या पदवीत ७५ टक्के लागतात. त्यानंतरचा खेळ परीक्षेचा आणि मुलाखतीचा. जून २०२४ पासून यूजीसीच्या नेट परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही वापरता येतात. जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) न मिळालेल्यांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि हे गुण प्रवेशासाठी वर्षभरच चालतात. आयआयटी आणि इतर संस्थांचे विभाग शॉर्टलिस्ट करताना स्वतःचे निकष लावतात, तेव्हा त्यांची जाहिरात तळटीपांसकट वाचा.

भारतातली खरी अडचण ५४.८ टक्क्यांची. एम.ए.ला किंवा एम.कॉम.ला ५५ ला थोडक्यात हुकलेले कितीतरी जण असतात, आणि नेटच्या माहितीपत्रकात तर टक्केवारी पूर्णांकात वर नेऊ नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. इथे खुलासा, विनंतीपत्र, ओळख यांचा काही उपयोग नाही. आपल्या विद्यापीठात क्लास इम्प्रूव्हमेंटची सोय आहे का आणि उत्तीर्ण झाल्यापासून किती वर्षांत ती घेता येते, हे परीक्षा विभागात विचारा. मुदत उलटली असेल तर दुसरी पदव्युत्तर पदवी हाच सरळ रस्ता आहे.

युरोपात मुख्य वजन मास्टर्सला. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये पीएच.डी.च्या बऱ्याच जागा नोकरीसारख्या जाहीर होतात, अर्ज सर्वप्रथम वाचणारा तुमचा भावी मार्गदर्शकच असतो आणि त्याला तुमचा प्रबंध बीई सेकंड इयरच्या एम-थ्रीपेक्षा (गणिताच्या पेपरपेक्षा) महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनमध्येही चांगलं मास्टर्स बरंच काही भरून काढतं.

सगळ्यात जास्त खोदकाम अमेरिकेत. तिथे बॅचलर्सवरून थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळतो, त्यामुळे पदवीचे गुण केंद्रस्थानी येतात. शिवाय बहुतेक विद्यापीठं बारावीनंतर जिथे जिथे शिकलात त्या प्रत्येक संस्थेची नोंद मागतात. पण तिथल्याच नियमांत तुमच्या उपयोगाच्या फटीही आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाची किमान अट ४ पैकी ३.० जीपीएची (सरासरी श्रेणीगुणांची) आहे. विस्कॉन्सिन-मॅडिसनची ग्रॅज्युएट स्कूल मात्र ३.० ची अट पदवीच्या शेवटच्या ६० क्रेडिट्सना, म्हणजे साधारण शेवटच्या दोन वर्षांना लावते किंवा त्याऐवजी मास्टर्सचा जीपीए धरते, आणि परदेशी पदव्यांना याच्याशी तुल्य कामगिरी बघते. ज्यांचं गाडं तिसऱ्या-चौथ्या वर्षी रुळावर आलं, त्यांनी अर्जाची यादी करतानाच असे नियम शोधायला हवेत. अर्जाची फी भरून झाल्यावर ते सापडले तर उपयोग नाही.

कागद गोळा करणं: जुलैत सुरुवात करा

अमेरिकेच्या बहुतेक मुदती डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतात. दिवाळीच्या सुट्टीत विद्यापीठाची कार्यालयं बंद आणि त्याच्या आगेमागे परीक्षांची धामधूम. त्यामुळे ट्रान्सक्रिप्टचा (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांच्या अधिकृत एकत्रित पत्रकाचा) अर्ज ऑक्टोबरात करणारा माणूस नोव्हेंबरभर खिडकीपाशी उभा राहतो. जुलैत केलेला अर्ज गणपतीपर्यंत निघाला तरी पुढे श्वास घ्यायला जागा राहते.

सुरुवातीला घरातली सगळी मार्कशीटं सेमिस्टरप्रमाणे लावा. केटी सुटलेल्या परीक्षांचीही, कारण नापासाचं मार्कशीट आपण रागाने कुठेतरी टाकून दिलेलं असतं आणि नेमकं तेच लागतं. एखादं हरवलं असेल तर ट्रान्सक्रिप्टच्या आधी डुप्लिकेट मार्कशीटचा अर्ज करावा लागेल, त्याचा वेळ वेगळा धरा. पुनर्मूल्यांकनात गुण बदलले असतील तर सुधारित मार्कशीटच पुढे जातंय ना, हेही तपासा.

मग प्रश्न येतो ट्रान्सक्रिप्ट द्यायचं कुणी. संलग्न कॉलेज असेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाने, स्वायत्त कॉलेज असेल तर बऱ्याचदा कॉलेजनेच. जुन्या विद्यार्थ्यांची गाडी इथे अडते, कारण मधल्या काळात नावं आणि हद्दी बदलल्या आहेत. पुणे विद्यापीठ २०१४ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. सोलापूरचं विद्यापीठ २००४ चं, त्याआधी तिथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं. पुण्याचं सीओईपी एकेकाळी पुणे विद्यापीठाची पदवी द्यायचं, २०२२ पासून ते स्वतःच विद्यापीठ आहे. नियम सोपा ठेवा: डिग्री सर्टिफिकेटवर ज्याचं नाव, त्याच्या दारात जायचं. नाव बदललं असेल तर अर्जात नवं नाव लिहून जुनं नाव सोबत नोंदवा. नाहीतर सर्टिफिकेटवर एक विद्यापीठ आणि लिफाफ्यावर दुसरंच, हे पाहून पलीकडचा कारकून फाइल बाजूला ठेवतो.

तुमचं स्वतःचं नावही तपासा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव आणि बऱ्याचदा शेवटी आईचं नाव असतं. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि बाकीचं नाव दुसऱ्या रकान्यात. लग्नानंतर नाव बदललेल्यांच्या बाबतीत दोन्हींवरची माणसं वेगळीच वाटतात. राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणी दाखला स्कॅन करून त्याच पीडीएफला जोडा आणि अर्जात जिथे ‘पूर्वीचं नाव’ असा रकाना असतो तो रिकामा सोडू नका.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांचं ट्रान्सक्रिप्ट तीनच वर्षांचं दिसतं. परक्या वाचकाला वाटतं, एक वर्ष गाळलं. त्यांनी एमएसबीटीईच्या (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या) डिप्लोमाची मार्कशीटं सोबत द्यावीत आणि पात्रता डिप्लोमाची, प्रवेश थेट दुसऱ्या वर्षात, असं एका ओळीत सांगावं. तीच गोष्ट इंजिनिअरिंग अर्धवट सोडून बी.एस्सी. केलेल्यांची. ते सोडलेलं दीड वर्षही अमेरिकी अर्जाच्या दृष्टीने ‘शिकलेली संस्था’ असतं. युरोपात बहुधा पदवी दिलेल्या संस्थांचेच कागद मागतात. फॉर्मवरचे शब्द वाचा आणि जे मागितलंय तेवढं नक्की द्या.

किती प्रती घ्यायच्या? अर्ज करताना बहुतेक अमेरिकी विद्यापीठांना तुम्ही स्वतः अपलोड केलेलं स्कॅन पुरतं, सीलबंद प्रत प्रवेश मिळाल्यावर लागते. डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून परदेशी पदवीचं मूल्यमापनही फक्त जिथे मागितलंय तिथेच करा. सल्लागार मंडळी सरसकट करायला लावतात आणि खिसा तुमचा हलका होतो. ते करायचंच असेल तर आधी त्यांच्याकडे खातं उघडा, संदर्भ क्रमांक घ्या आणि तो विद्यापीठाच्या लिफाफ्यावर येईल असं बघा. तरीही चार-पाच सीलबंद संच एकदमच काढून ठेवावेत, कारण दुसऱ्यांदा तेवढंच उभं राहावं लागतं.

गुणांची मोजपट्टी सोबत द्या

जुन्या मार्कशीटचं सर्वात जास्त नुकसान गुणांमुळे होत नाही, ते चुकीच्या मोजपट्टीमुळे होतं. पुणे विद्यापीठाच्या जुन्या इंजिनिअरिंग पॅटर्नमध्ये ६६ टक्क्यांना डिस्टिंक्शन होतं. अमेरिकेतल्या प्राध्यापकाला शंभरपैकी ६६ म्हणजे जेमतेम पास वाटतं. मुंबई विद्यापीठाने काही वर्षं सातपैकी श्रेणी दिली, नंतर दहापैकी. ५.४ हा आकडा सातपैकी आहे हे लिहिलं नाही तर वाचणारा तो दहापैकी समजणार आणि पुढच्या अर्जाकडे वळणार.

म्हणून तीन गोष्टी करा. ट्रान्सक्रिप्टच्या मागच्या बाजूला श्रेणींचा तक्ता छापलेला असतो, ती बाजूही स्कॅन करा. नसेल तर परीक्षा विभागाकडून तो लेटरहेडवर मागा. दुसरं, टक्क्यांना २५ ने भागून जीपीए काढायचा उद्योग करू नका. ५८ टक्क्यांचे त्या हिशेबाने २.३२ होतात आणि सेकंड क्लासचा माणूस नापासांच्या रांगेत जाऊन बसतो. फॉर्ममध्ये मूळ मोजपट्टी निवडता येत असेल तर ५८, शंभरपैकी, असंच भरा. तिसरं, वर्गात पहिल्या दहांत होतात किंवा त्या वर्षी विद्यापीठाचा निकालच कमी लागला होता, असं काही कागदावर सिद्ध करता येत असेल तर ते जोडा. कागद नसेल तर लिहू नका.

जर्मनीसाठी एक सूत्र उघड आहे, त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास. ५६ टक्के मिळाले आणि उत्तीर्णतेची रेषा ४० असेल तर ४४ भागिले ६०, गुणिले ३, अधिक १, म्हणजे ३.२. तीच रेषा ३५ असेल तर उत्तर साधारण ३.०३ येतं. आपल्याकडे उत्तीर्णतेची रेषा विषयाला एक आणि एकूण बेरजेला दुसरी, असंही असायचं. तेव्हा किमान गुण कोणते धरायचे हे विद्यापीठाच्या नियमावलीतून शोधा आणि त्या पानाची प्रत जवळ ठेवा.

गाळायचं का?

नाही. अर्जाच्या शेवटी माहिती पूर्ण आणि खरी असल्याचं तुम्ही लिहून देता. पुढे गाळलेली संस्था सापडली तर प्रवेश रद्द होतो, आणि पदवी मिळाल्यानंतर सापडली तर पदवीही जाऊ शकते. अमेरिकेत आधी शिकला असाल तर तिथल्या नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउसकडे प्रवेशांच्या नोंदी असतातच. फक्त उत्तीर्ण प्रयत्नांचे गुण छापलेलं ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठानेच दिलं असेल तर ते खुशाल द्या, तो त्यांचा अधिकृत कागद आहे. पण सोबत सगळी मार्कशीटं मागितली असतील तर सगळी म्हणजे सगळी.

खुलासा: चार ओळींत, योग्य जागी

स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये जुन्या गुणांचा पाढा वाचायचा नाही. ते पान तुमच्या संशोधनाचं आहे. बऱ्याच अर्जांत ‘अतिरिक्त माहिती’ असा वेगळा रकाना असतो, खुलासा तिथे टाका. तसा रकाना नसेल तर स्टेटमेंटच्या दुसऱ्या निम्म्यात दोन-तीन वाक्यं पुरतात. पहिल्या परिच्छेदात कधीच नाही.

आणि खुलासा हवाच का, हे आधी तपासा. एका सेमिस्टरचे गुण घसरलेत आणि बाकी सगळं ठीक आहे, तर गप्प बसा. वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली गोष्ट तुम्हीच बोट ठेवून दाखवाल. केट्या तुमच्या संशोधनाच्या मुख्य विषयात असतील, वर्ष वाया गेलं असेल (पुण्यात वायडी, मुंबईत ड्रॉप) किंवा एकूण सरासरी किमान अटीखाली असेल, तरच लिहा.

समजा एकाने २००९ ते २०१४ मध्ये मेकॅनिकल केलं, एक वर्ष गेलं, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये केटी लागली आणि आता त्याला फ्लुइड्समध्येच पीएच.डी. करायची आहे. असा खुलासा हमखास वाचायला मिळतो: ‘त्या काळात घरची परिस्थिती अत्यंत बिकट होती, प्राध्यापक नीट शिकवत नव्हते, पेपर कडक तपासले जायचे, तरीही मी हार न मानता जिद्दीने पदवी पूर्ण केली.’ यात तीन तक्रारी आहेत, एक आत्मगौरव आहे आणि माहिती शून्य. त्याऐवजी, अर्थातच इंग्रजीत, असं लिहिता येईल: ‘२०१०-११ मध्ये वडिलांच्या आजारपणामुळे मी पूर्णवेळ काम करत होतो, दुसऱ्या वर्षातले गुण आणि फ्लुइड मेकॅनिक्समधली केटी त्या वर्षातली आहे. २०१९ मध्ये एम.टेक.ला अ‍ॅडव्हान्स्ड फ्लुइड मेकॅनिक्स आणि सीएफडी या दोन्ही विषयांत मला सर्वोच्च श्रेणी मिळाली. त्यानंतर चार वर्षं मी पंपांच्या प्रवाह विश्लेषणाचं काम करत आहे.’ कारण एका वाक्यात, बाकी सगळा पुरावा. वाचणाऱ्याला पडताळता येईल असं वर्ष आणि विषयाचं नाव प्रत्येक वाक्यात हवं.

कारण आरोग्याचं असेल तर ‘आरोग्याच्या कारणामुळे’ एवढं पुरेसं आहे. निदान, औषधं, रुग्णालय यांचा तपशील कुणाचा हक्क नाही आणि मागितल्याशिवाय कागदही जोडू नका. काही सांगण्यासारखं कारण नसेल, नुसतं अभ्यासात लक्ष नव्हतं, तर कारण शोधू नका. ‘पदवीच्या पहिल्या दोन वर्षांतली माझी कामगिरी कमी होती’ असं लिहून थेट पुढच्या पुराव्यावर या. खोटा आजार मुलाखतीत टिकत नाही.

विद्यापीठाच्या गोंधळामुळे तारखा विचित्र दिसत असतील तर तेवढंच सांगा. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने ऑनस्क्रीन पेपर तपासणी सुरू केली आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. त्या वर्षी बाहेर पडलेल्यांच्या शिक्षणात दिसणारी मोकळी जागा यामुळे आहे, हे एका ओळीत येऊ शकतं. गुण कमी पडले ते तपासणीमुळेच, असं मात्र लिहू नका.

शेजारी काय ठेवायचं

जुने गुण कमी असलेल्यांसाठी शिफारसपत्रं हा सगळ्यात मोठा आधार आहे, आणि आपल्याकडे नेमकी तीच सर्वात निष्काळजीपणे घेतली जातात. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे वाक्य ऐकलं नसेल असा विद्यार्थी विरळा. अशी तीन पत्रं एकाच शैलीची निघतात आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. बारा वर्षांपूर्वीच्या विभागप्रमुखांना तुमचा चेहराही आठवत नसेल तर त्यांच्याकडे जाऊ नका. एम.टेक.चे मार्गदर्शक, संशोधन प्रकल्पातले वरिष्ठ, ज्यांच्यासोबत पेपर लिहिलात ते, अशी अलीकडची माणसं निवडा. त्यांना तुमचं ट्रान्सक्रिप्ट आधीच दाखवा आणि मोकळेपणाने विचारा, ‘सर, माझ्या पदवीच्या गुणांबद्दल शंका येऊ शकते. तुम्ही पाहिलेल्या कामावरून त्याबद्दल दोन ओळी लिहाल का?’ दुसऱ्याने घेतलेली ही हमी तुमच्या खुलाशाच्या दसपट चालते.

ताजे गुण कमवायला वेळ असेल तर जिथे केटी लागली त्याच विषयात कमवा. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. एनपीटीईएलच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची केंद्रावर जाऊन दिलेली परीक्षा प्रमाणपत्रावर दिसते. जीआरई बऱ्याच विभागांनी सोडून दिली आहे, पण ऐच्छिक असेल आणि क्वांटचा (गणिताच्या भागाचा) स्कोअर चांगला येत असेल तर द्या. त्याची मुदत पाच वर्षांची. या सगळ्यांपेक्षा मोठं वजन प्रत्यक्ष प्रयोगशाळेतल्या कामाला आहे. पुण्यात एनसीएल आणि आयसर, मुंबईत आयआयटी आणि टीआयएफआर अशा संशोधन संस्थांत प्रकल्पापुरत्या जागांच्या जाहिराती निघत असतात. तिथलं एक-दीड वर्ष तुम्हाला अनुभव देतं, शिफारसपत्र देतं आणि ही वाट आपल्याला झेपते का याचं उत्तरही देतं. गुणांची अट तिथेही असते, पण मुलाखत घेणारा बऱ्याचदा थेट कामाचंच विचारतो.

पाठवण्याआधी आणि नंतर

संभाव्य मार्गदर्शकाला लिहिताना सीव्हीत पदवीचे गुण गाळू नका. खरी टक्केवारी आणि क्लास लिहा, खुलासा लिहू नका. त्याला रस वाटला तर तो विचारेल. किमान अटीच्या खाली असाल तर ग्रॅज्युएट ऑफिसला आधीच मेल करून विचारा, की विभागाला अशा अर्जासाठी सूट मागता येते का. काही ठिकाणी प्राध्यापकाने लेखी शिफारस केली तर तशी सूट मिळते. फी भरण्याआधी हे कळलेलं बरं.

अपलोड करताना सगळी मार्कशीटं कालक्रमाने एकाच पीडीएफमध्ये लावा: आधी ट्रान्सक्रिप्ट, मग श्रेणींचा तक्ता, मग मार्कशीटं, शेवटी नावबदलाचा कागद. मराठीतला काही मजकूर असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. मोबाइलने काढलेले वाकडे फोटो नकोत. आधीच कमी गुण, त्यात वाचता येत नाहीत, असं होतं.

मुलाखतीत प्रश्न येईल असं धरून चाला. उत्तर अर्ध्या मिनिटाचं असावं, अर्जात लिहिलंय तेच आणि शेवट आजच्या कामावर. समोरच्याने पुढे विचारलं नाही तर तुम्हीही थांबा. बरेच जण इथे सुटलेला विषय पुन्हा ओढून आणतात.

प्रवेशपत्र आल्यावर सीलबंद प्रती मागितल्या जातील आणि त्या तुम्ही अपलोड केलेल्या कागदांशी ताडून पाहिल्या जातील. जपून ठेवलेले संच आता बाहेर काढा, आणि लिफाफा स्वतः फोडू नका. सील तुटलं की ती प्रत बहुतेक विद्यापीठं अधिकृत मानत नाहीत.